दादाच्या टायरचा पाव फेरा

माझ्या दादाचा टायर चार महिन्यांत संपायचा आणि मी दर वेळी त्याचं डोकं खायचे. डोंगरावर हाच टायर त्याला तीन-तीन वर्षं पुरायचा. "रस्ता आहे की कानस?" असं म्हणत तो माझ्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि बुटांच्या नाड्या सोडायचा. मी म्हणायचे, "रस्त्याला नावं ठेवू नकोस. रस्ता काही तुला आमंत्रण द्यायला आला नव्हता." तो हसायचा. माझ्या बोलण्याचं त्याला कधी काही वाटत नसे, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नोकरी पाणीपुरवठा खात्यात, काम गळती शोधण्याचं. आमचे बाबाही आयुष्यभर तेच करत होते. धरणापासून शहरापर्यंत डोंगराच्या अंगावरून एक जुनी लोखंडी जलवाहिनी यायची आणि तिच्या कडेनं एक पायवाट, जेमतेम दोन विती रुंद. एका हाताला पाइप, दुसऱ्या हाताला उतार. पायी जावं तर दिवस पुरत नाही. साधी सायकल घ्यावी तर हँडल पाइपला घासतं, आणि मुख्य म्हणजे हात अडकतात. हात मोकळे लागतात, कारण हातात कानकाठी असते. कानकाठी म्हणजे माणसाएवढी उंच लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. सळई पाइपवर टेकवायची, वाटी कानाला लावायची, आत कुठे पाणी गळत असेल तर बारीक फुसफुस ऐकू येते. म्हणून फार पूर्वी खात्यातल्या कुणीतरी डोकं लढवलं आणि लाइनवरच्या माणसांना एकचाकी सायकली दिल्या. जाड टायरच्या, वर रबराचे उंच ठोकळे, दगडमातीत रुतून पकड घेणाऱ्या. बघणारे हसायचे, सर्कस निघाली म्हणायचे. लाइनवाले त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

या एकचाकीची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला साखळी नसते. पॅडल थेट चाकाच्या आसालाच बसवलेलं असतं. पाय फिरला की चाक फिरतं, पाय थांबला की चाक थांबतं. त्यामुळे डावा पाय जोर लावतो तेव्हा दर वेळी टायरचा तोच एक भाग जमिनीवर असतो, आणि उजवा लावतो तेव्हा त्याच्या बरोबर समोरचा. धडधाकट माणसाच्या टायरवर समोरासमोर दोन जागी सारखी झीज दिसते. लाइनवाल्यांनी यातून आपली एक पद्धत पाडली होती. जुना टायर जमा केल्याशिवाय नवा मिळत नसे, आणि जमा करायला गेलं की स्टोअरवाले काका तो टेबलावर ठेवून डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवायचे. काका स्वतः वीस वर्षं लाइनवर होते. "उजवा पाय चोरतोयस," म्हणायचे, किंवा "गुडघा दाखवून ये." माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी त्याचा टायर काकांकडे जायचा. काका बोलले की साहेबसुद्धा पुढे काही विचारत नसत. त्या तळहातावरून दोन माणसं फेरीवरून उतरून कायमची टेबलावर बसलेली मी पाहिली आहेत.

म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. बाबांनी निवृत्त झाल्यावर सायकलचं दुकान काढलं, मी त्यात शिकले, आणि ते गेल्यापासून एकटीच चालवते. लग्न केलं नाही, का ते विचारू नये. गिऱ्हाइकानं सायकल स्टँडला लावली की टायरकडे बघून मी सांगू शकते की हा ब्रेक फार मारतो, ही एका खांद्यावर पिशवी घेते, हा अमक्या चढावर उतरून चालतो. लोक चाट पडतात. मला त्याचा भारी गर्व होता. होता, असंच म्हणते आता.

मग डोंगरावरची वाहिनी काढली. नवी जमिनीखालून नेली आणि गळती सांगायला यंत्रं बसवली. चार लाइनवाले खाली शहरात आले. तिघांनी मुकाट्यानं टेबल घेतलं. दादा अडून बसला. शहरातल्या जुन्या पाइपांना यंत्रं नव्हती, तिथे ऐकणारा कान अजून हवा होता. "मला फेरी द्या," म्हणाला. साहेब वैतागले, पण दिली. म्हणाले, "एकचाकी चालवता आहात तोवर फेरी तुमची. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी समोरचं टेबल. मग कुरकुर नको." त्या टेबलाचं दादानं इतकं मनावर घेतलं की घरी येऊन जेवलासुद्धा नाही. ते टेबल म्हणजे दिवसभर खिडकीला पाठ करून आवक-जावक लिहीत बसणं. "तिथे बसलो की संपलोच मी," असं तो मला त्याच पायरीवर म्हणाला होता. उगाच बोलणारा माणूस नव्हे तो.

त्याची फेरी मी पुष्कळदा पाहिली आहे, कारण माझ्या दुकानासमोरचा बाजारामागचा रस्ता त्यातच यायचा. सकाळी साडेसहाला निघायचा. फुटपाथवर दर शंभर पावलांवर लोखंडी झाकण असतं, त्याखाली पाण्याचा व्हॉल्व्ह. दादा झाकणाशी यायचा, कानकाठी झाकणावर टेकवायचा, वाटी कानाला लावायचा आणि खाली न उतरता तिथल्या तिथे वीतभर पुढे, वीतभर मागे असा झुलत राहायचा. अर्धा मिनिट, कधी पुरतं मिनिट. डोळे मिटलेले. बाजूनं माणसं, हातगाड्या, शाळेची पोरं, कुत्री. कुणी म्हणायचं, "अहो, फोन लागला का?" तो बोट वर करून गप्प बसायला सांगायचा. मग खिशातून खडू काढून झाकणावर खूण करायची आणि पुढे. दिवसाला दोनशे झाकणं. संध्याकाळी त्याच्या कानाभोवती वाटीचा लाल गोल उमटलेला असायचा.

त्या झुलण्यानं टायर खाल्ला जायचा. मातीत टायर रुततो, सुटतो, ठोकळ्यांना फारसं काही होत नाही. डांबरावर आणि सिमेंटवर तो रगडला जातो, आणि झुलताना तर त्याच त्या चार बोटांच्या जागेवर रगडला जातो. ठोकळ्यांचे आधी कोपरे जातात, मग ते एका बाजूला कलतात, मग सायकल आपोआप गटाराकडे ओढायला लागते. त्या मापात गुळगुळीत टायर मिळत नाही, मी सगळीकडे विचारलं. खात्याकडे डोंगरावरच्या टायरांचा ढीग पडून होता, तेच वापरायचे.

मग मी एक युक्ती काढली. हवा सोडायची, टायर रिमवरून सैल करायचा आणि जागच्या जागी पाव फेरा सरकवून पुन्हा भरायचा. झीज एका जागी साचत नाही, सगळीकडे वाटली जाते. सोपं वाटतं, पण तो टायर रिमला असा चिकटून बसलेला असतो की चाक आडवं टाकून त्यावर दोन्ही पायांनी उभं राहून नाचावं लागतं. मी दर तीन आठवड्यांनी नाचायचे. पहिल्याच दिवशी दादाला बजावलं, "झीज डोळ्याला दिसायच्या आत आणायचा. दिसायला लागल्यावर सरकवून काही उपयोग नाही." माझा नियम होता तो. मी फार हुशार आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

टायर साडेपाच महिने जायला लागला. स्टोअरवाल्या काकांनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हे काय? काहीच वाचता येत नाही." दादानं माझं नाव सांगितलं. काका म्हणाले, "तुझ्या बाबांची पोरगी खरी."

असं सुरळीत चाललं होतं. मग दादा तीन आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांनी यायला लागला, आणि मग दर आठवड्याला. मी म्हणायचे, "अरे, घाई काय आहे? मला काही दुसरी कामं नाहीत?" तो म्हणायचा, "सरकव गं, तुझं काय जातंय." आणि पायरीवर बसून उजवा पाय लांब करायचा, दोन्ही हातांनी धरून, जणू काही तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी होता आणि त्याच्याकडे सांभाळायला दिला होता. मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि म्हटलं, "म्हातारा झालास." तो म्हणाला, "झालो." दोघेही दमलेलो होतो. माझं दुकान सकाळी आठला उघडतं, मला मदतीला कुणी नाही, संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरते. दमलेली माणसं एकमेकांकडे नीट बघत नाहीत. टायर सरकवताना मी टायरकडेसुद्धा बघत नसे. ट्यूबच्या व्हॉल्व्हपाशी खूण करायची, नाचायचं, सरकवायचं, हवा भरायची. हात आपोआप करायचे सगळं.

वहिनी एकदोनदा दुकानात येऊन गेली. ती कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीवर उभी असते, तिच्या दमण्याचं तर विचारूच नका. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगा ना यांना, टेबल घ्या म्हणून. हल्ली घरी आले की भिंत धरून चालतात. विचारलं तर म्हणतात सीटवर बसून अंग आखडतं. आणि कपडे बदलायचे तर न्हाणीघराची कडी लावून! पंचवीस वर्षांच्या संसारात हे कुठलं नवीन?" मी म्हटलं, "वहिनी, त्याला टेबलावर बसवलंस तर दोन महिन्यांत तुझंच डोकं खाईल." ती हसली. मला वाटलं, विषय मिटला.

नंतर माझं मनगट मोडलं. दादाच्याच चाकाला नवा टायर घातला होता, त्यानंतर चारच दिवसांनी. दुकानातल्या तेलावरून पाय घसरला आणि सगळा भार हातावर आला. प्लॅस्टर कोपरापर्यंत. सात आठवडे शटर खाली. दादा दोनदा घरी आला, चहा प्यायला, माझ्या हाताकडे बघून विचारलं, "कधी निघेल हे?" मला वाटलं, काळजीनं विचारतोय. तशी काळजी होतीच म्हणा त्याला.

प्लॅस्टर काढलं त्याच दिवशी दुपारी मी शटर वर केलं, आणि अर्ध्या तासात हा हजर. एकचाकी ढकलत आणलेली, चालवत नाही. "सरकव," म्हणाला.

"सात आठवडे झाले. तू स्वतः का नाही सरकवलास? रिमवर नाचता येत नाही तुला?"

"नाही येत," तो म्हणाला.

मी चाक स्टँडला लावलं. मनगटात जोर नव्हता, म्हणून पटकन उचलाउचली न करता ते हळूहळू फिरवलं. युक्ती काढल्यापासून पहिल्यांदाच त्याचा न सरकवलेला टायर माझ्यासमोर होता. एका जागी ठोकळे साफ गेले होते, आतलं कापड दिसत होतं. मी चाक अर्धं फिरवलं, समोरची जागा बघायला. तिथे ठोकळ्यांचे कोपरे बोटाला टोचत होते. जवळजवळ नवे.

मी पुन्हा फिरवलं. खोटं असेल, मीच उलटं धरलं असेल, असं वाटून. पॅडलाशी जुळवून पाहिलं. डावा पाय, डावा पाय, डावा पाय. दोनशे झाकणांवर रोज हा माणूस एकाच पायावर झुलत होता आणि उजवा नुसता पॅडलवर ठेवलेला होता.

"दादा, उजवा पाय कुठाय तुझा?"

मी आतलं दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "पँट वर कर." त्यानं केली. उजवी मांडी डावीच्या निम्मी झाली होती. कातडी सैल, आत मांस असं नाहीच. मला इतका राग आला की हातातला पाना मी भिंतीवर मारला. मग त्याच्यावर ओरडले. गाढव म्हटलं, आणखी पुष्कळ काही म्हटलं. तो शांतपणे पँट खाली करत राहिला. "झालं?" म्हणाला. मी शटर ओढलं, त्याचा दंड धरला आणि त्याला दवाखान्यात नेलं. रस्ता दहा मिनिटांचा, आम्हाला अर्धा तास लागला. तो माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होता आणि मला त्याचं वजन जाणवत नव्हतं, इतकी मी संतापले होते. दादावर नाही, खरं सांगायचं तर. दर आठवड्याला त्या चाकावर नाचणाऱ्या बाईवर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय वर उचलायला लावला, फोटो काढून आणायला सांगितले. मग म्हणाल्या, "मणक्यात नस दबली आहे. एक-दोन महिन्यांचं नाही हे, दोन वर्षं तरी झाली असतील. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" आम्ही दोघांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. "ऑपरेशन करू. जे उरलं आहे ते वाचेल. जे गेलं ते परत येईल असं मी सांगणार नाही." दादानं विचारलं, "सायकल?" त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती होकाराची नव्हती.

वहिनीला कारखान्यात निरोप धाडला होता. ती येईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसलो. भिंतीला हिरवा रंग होता, अर्ध्या उंचीपर्यंत. समोर एक माणूस पट्टी बांधलेलं बोट वर धरून बसला होता. मी मनात हिशेब करत होते. दोन वर्षांपूर्वी तो तीन आठवड्यांनी यायचा. तेव्हा जर मी एकदा, फक्त एकदा, टायर सरकवला नसता, तर तो टायर जमा करताना काकांचा तळहात बोलला असता. काका सोडा, मीच बोलले असते. सगळ्या गावाचे टायर वाचते मी.

मला म्हणायचं होतं, दादा, चुकलं माझं. तोंड उघडलंही होतं. पण तो आधी बोलला.

"तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही बघ," तो म्हणाला. आवाज एकदम हलका. "तू एका शब्दानं विचारलं नाहीस. दर आठवड्याला मी यायचो, मला वाटायचं आज विचारेल, आज म्हणेल बस कर. तू आपली टायर सरकवून द्यायचीस. काकांना कळू दिलं नाहीस. मी म्हटलं, हिला कळलंय, आणि कळूनही ही माझ्या बाजूनं आहे. फार आधार होता गं त्याचा. नाहीतर एकट्याला नसतं झेपलं."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

"माहीत होतं ना तुला?" त्यानं विचारलं. "मी उगाच तर नाही धरून चाललो?"

मला कळत होतं की मी काय निवडते आहे. नाही म्हटलं असतं तर मी सुटले असते. चूक झाली, लक्ष नव्हतं, दमले होते, माणूस आहे, सगळ्यांनी समजून घेतलं असतं. पण मग ती दोन वर्षं तो त्या पायासह एकटाच होता, हे त्याला त्या बाकावर बसून पहिल्यांदा कळलं असतं. त्या दिवशी त्याची सायकल गेली होती, फेरी गेली होती, पाय गेला होता. आणखी काय काय काढून घ्यायचं माणसाकडून?

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

त्यानं माझ्या प्लॅस्टर निघालेल्या, अजून पांढऱ्या पडलेल्या मनगटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी वर पाहिलं तर वहिनी दोन पावलांवर उभी होती. इस्त्रीच्या वाफेनं लाल झालेला चेहरा, हातात पिशवी. तिनं ऐकलं होतं. "दोन वर्षं?" ती मला म्हणाली. "मी तुमच्या दुकानात येऊन विचारत होते, ताई, आणि तुम्हाला माहीत होतं?"

दादानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीलाही तेच सांगितलं.

याला आता आठ महिने झाले. ऑपरेशन ठीक झालं, म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. दादा काठी घेऊन कचेरीत जातो आणि खिडकीला पाठ करून बसतो. त्याला वाटलं होतं तसा तो संपला वगैरे नाही. चिडचिड करतो, शाई सांडतो, साडेपाचला घरी येतो. वहिनी माझ्याशी बोलत नाही. दार उघडते, पाणी ठेवते, आणि आत निघून जाते. तिचं चुकत नाही. तिच्या जागी मी असते तर पाणीही ठेवलं नसतं.

मागच्या रविवारी गेले होते तेव्हा ती ओट्याशी एकटी सापडली. मी ठरवूनच गेले होते, आज सांगून टाकायचं. "वहिनी," म्हटलं. ती माझ्याकडे वळली नाही, पण तिचे हात थांबले. बाहेरच्या खोलीत दादाकडे शेजारचे कुणी बसले होते, तो त्यांना मोठ्यानं सांगत होता, "अहो, घरात कुणाला पत्ता नव्हता, पण माझ्या बहिणीला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक!" आणि हसत होता.

वहिनी वाट बघत होती. मी म्हटलं, "काही नाही. चहा टाकतेस का, विचारत होते." तिनं गॅस पेटवला. दोनच कप काढले, दादाचा आणि पाहुण्यांचा.